शार्लट लुकसचं नेमकं काय चुकलं?

सांजवात

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या खोक्यात जेन ऑस्टेनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सापडलं. एकोणिसाव्या वर्षी वाचलेली हीच ती प्रत, खाकी कव्हर घातलेली. फडकं तिथंच टाकून जी बसले ती दोन दिवसांत संपवूनच उठले. चकलीच्या भाजणीचं काय झालं ते विचारू नका.

तेव्हा मी अर्थातच नायिका एलिझाबेथ, म्हणजे लिझी, होते. (आपण सगळ्याच होतो, खोटं बोलू नका.) शार्लट त्या कॉलिन्सला 'हो' म्हणते तिथं मला तिचा एवढा राग आला होता की पुढे तिचं नाव दिसलं की मी परिच्छेद गाळायचे. आता पंचेचाळिशीत वाचलं तर उलटंच झालं. लिझीच्या रागाचाच राग आला.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. बेनेटांना पाच मुली, मुलगा नाही. लाँगबर्नची इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार अशी आधीपासूनची अट, त्यामुळे बाप गेला की घरदार सगळं लांबच्या भावकीतल्या कॉलिन्स नावाच्या पाद्र्याला. हा माणूस म्हणजे चालताबोलता लाळघोटेपणा. तो लिझीला मागणी घालतो, ती नाही म्हणते. तीन दिवसांच्या आत तो तिच्याच जिवलग मैत्रिणीला विचारतो आणि ती हो म्हणते! शार्लट सत्तावीस वर्षांची, दिसायला बेताची, गाठीला फारसं काही नाही. लिझीला सांगताना म्हणते, मी काही स्वप्नाळू नाही, कधीच नव्हते, मला फक्त एक सुखाचं घर हवंय.

तर मंडळी, हिचं काय चुकलं?

कडूकारलं

काही चुकलं नाही. चुकलं कॉलिन्सचं. पहिल्या पोरीनं नकार दिल्यावर निदान आठवडाभर तरी दुःखात बसायला हवं होतं.

पॉपकॉर्न घेऊन येतो, तोवर चालू द्या.

तिखटजाळ

मी एकोणिसाव्या वर्षीच्या सांजवातच्या बाजूनं.

पोटासाठी लग्न करणाऱ्या बाईला मी नावं ठेवत नाही. पण शार्लट या पुस्तकातल्या मोजक्या शहाण्या माणसांपैकी आहे. जेनवर, म्हणजे लिझीच्या थोरल्या बहिणीवर, भाळलेल्या बिंग्लीला तिचं मन कळणारच नाही, तिनं जरा जास्तच आवड दाखवायला हवी, हे ती लिझीला आधीच सांगते आणि पुढे तसंच होतं. अशा डोक्याच्या बाईनं अशा माणसाशी जन्माची गाठ मारायची म्हणजे रोज जेवताना जीभ चावत बसायचं. लिझीला वाईट वाटतं ते याचंच. आणि 'लग्नात सुख मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग' हे वाक्य शार्लट कॉलिन्स आयुष्यात यायच्या आधी म्हणते. म्हणजे नाइलाज वगैरे नंतरचं, बाईसाहेबांचं तत्त्वज्ञान आधीच ठरलेलं होतं.

बाळबोध

पण ती तर सरळ सांगते ना की मी सत्तावीस वर्षांची झाले, पैसा नाही, आईबापांच्या गळ्यातली धोंड झालेय आणि मला भीती वाटते? मला तर रडू आलं त्या सीनला.

पोथीवाचक

@बाळबोध, तो २००५ चा सिनेमा. पुस्तकातली शार्लट 'मला भीती वाटते' असं मेली तरी म्हणणार नाही. पुस्तकात भीती आहे, पण ती घरच्यांच्या आनंदातून दिसते. तिचं लग्न ठरल्यावर भावांना हायसं वाटतं, की ही आता म्हातारी कुमारिका होऊन मरायची नाही. धाकट्या बहिणींना आशा, की आता आपल्याला एकदोन वर्षं आधीच समारंभांना जायला मिळेल. आणि आई? मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील याचा हिशेब लगोलग करायला बसते. कारण जावई पुढे लाँगबर्नचा मालक!

या चारपाच ओळींत सत्तावीस वर्षांची मुलगी त्या घरात कशी राहत असेल ते सगळं येतं.

जाता जाता, नायक डार्सी तळ्यातून ओल्या शर्टानिशी येतो तेही पुस्तकात नाही. ते १९९५ च्या बीबीसी मालिकेचं देणं.

सदाफुली

ते देणं आम्ही कृतज्ञतापूर्वक स्वीकारलेलं आहे.

हिशेबनीस

सीए आहे, सवय जात नाही. कादंबरी तिसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. लेखिकाबाईंनी आकडे इतके चोख दिलेत की ताळेबंद मांडता येतो.

लाँगबर्नचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. आज बाप आहे तोवर ऐश. बाप गेला की आई आणि पाच मुलींना मिळून ५,००० पौंडांची पुंजी. चार टक्क्यांनी वर्षाचं व्याज २०० पौंड. म्हणजे उत्पन्न एका रात्रीत एक दशांश आणि राहायला घर नाही. प्रत्येकीच्या वाट्याला १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. व्याज ४० पौंड. हा आकडा लिझीला कोण ऐकवतो? कॉलिन्सच, मागणी घालता घालता! वर म्हणतो, लग्नानंतर याबद्दल मी कधी एका शब्दानं टोमणा मारणार नाही. आमच्याकडच्या बैठकींत 'आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या' म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

बिंग्लीला वडिलांकडून सुमारे १,००,००० पौंड, म्हणून वर्षाला चारपाच हजार. त्याच्या बहिणींना प्रत्येकी २०,०००. डार्सीचं उत्पन्न १०,०००. विकहॅम नावाचा सैन्यातला गुलछबू ज्या मिस किंगच्या मागे लागतो तिला नुकतेच १०,००० मिळालेले, तोवर त्याला तिच्यात काही दिसलं नव्हतं. पहिल्याच नाचाच्या समारंभात डार्सी आत येऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच त्याचं उत्पन्न दालनभर झालेलं असतं. नाव, गाव, मग स्वभाव, हा क्रम तिथंही नाही. आधी आकडा.

माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात बेजबाबदार माणूस विकहॅम नव्हे, मिस्टर बेनेट. लग्न झालं तेव्हा काटकसरीची गरजच वाटली नाही, कारण मुलगा होणारच होता. तो सज्ञान झाला की बापलेक मिळून ती अट मोडणार, असा बेत. पाच मुली झाल्या. तोवर उशीर झाला होता आणि शिल्लक शून्य. मग गृहस्थ पुस्तकांच्या खोलीत दार लावून बसले आणि बायकोची टिंगल करत राहिले.

तिखटजाळ

हे मात्र एकशे एक टक्के मान्य. मिसेस बेनेटला सगळे हसतात, पण त्या घरात पोरींच्या पोटापाण्याचा विचार करणारी ती एकटीच. पद्धत भयंकर, पण निदान काळजी तरी.

कडूकारलं

पद्धत भयंकर? जेनला पावसाची चिन्हं बघून घोड्यावरून पाठवते, म्हणजे पोरीला बिंग्लीकडे मुक्काम करावा लागेल. जेन तापानं फणफणते आणि मातोश्री खूश. आमच्या कॉलनीतल्या वधूवर मंडळाच्या संचालिका अजून इतक्या पुढे गेलेल्या नाहीत.

डर्बीकर

धागा बघून राहवलं नाही. डार्सीचं डर्बीशायर म्हणजे आमचाच भाग, आयडीवरून कळलंच असेल.

त्या घोड्याच्या प्रसंगात एक गंमत आहे. जेन बग्गी मागते तर उत्तर मिळतं, घोडे शेतावर लागतात. म्हणजे बेनेटांकडे बग्गी आहे, पण ती ओढणारे घोडे नांगराच्याही कामाचे. तेव्हाच्या वाचकाला एवढ्यावरून त्या घराची पायरी कळली असणार. खानदानी, पण हात राखून.

असं सगळीकडे आहे. कॉलिन्स पहिल्यांदा जेवायला येतो तेव्हा स्वयंपाकाची तारीफ करत विचारतो, हे कुठल्या भगिनीनं केलंय? मिसेस बेनेट ताडकन सांगते, आमच्याकडे चांगला आचारी ठेवायची ऐपत आहे, मुली स्वयंपाकघरात जात नाहीत. आणि त्याआधी बिंग्लीसमोर शार्लटचा विषय निघतो तेव्हा हीच बाई म्हणते, ती लवकर घरी गेली, मिन्स पाय करायला हवी असेल. माझ्याकडे बाई आपापली कामं करणारे नोकर आहेत!

शार्लटचे वडील सर विल्यम म्हणजे मेरिटन गावातले पूर्वीचे व्यापारी. नगराध्यक्ष असताना राजापुढे भाषण केलं, 'सर' झाले, आणि धंद्याची लाज वाटायला लागली म्हणून दुकान बंद करून गावाबाहेर राहायला गेले. पदवी आली, कमाई गेली. ती कमाई असती तर शार्लटच्या नावानं चार पैसे पडले असते. म्हणून मला शार्लटच्या लग्नाचं खापर थोडं त्या 'सर'वर फोडावंसं वाटतं.

हिशेबनीस

@डर्बीकर, वा! हे माझ्या ताळेबंदातून सुटलं होतं. धंदा बंद करण्याचा खर्च कुणी धरतच नाही.

बाळबोध

मिन्स पायमध्ये खिमा असतो का? शाकाहारी असल्यानं विचारतोय.

सदाफुली

झालं. गेला धागा पाककृती विभागात.

झणझणीत

मला या सगळ्यात एक मूलभूत अडचण आहे. आपण 'वर्ग' 'वर्ग' करतोय, पण पुस्तकातले सगळे वरच्याच माडीवरचे. कोण दहा पायऱ्या वर, कोण बारा. खरे खालचे लोक दिसतात कुठे? बिंग्लीच्या घरच्या, नेदरफील्डच्या नाचाआधी चार दिवस पाऊस कोसळत असतो, मुलींना बाहेर पडता येत नाही, म्हणून बुटांवर लावायची रेशमी फुलंसुद्धा दुसऱ्याकरवी आणवावी लागतात. तो 'दुसरा' कोण? तो किंवा ती पावसात भिजत मेरिटनला गेलीच ना? लेखिकेनं अर्ध्या वाक्यात उडवून लावलं.

पोथीवाचक

मुद्दा बरोबर, पण 'माडी एकच' म्हणून भांडण लहान होत नाही. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन लिझीला दम द्यायला येते तेव्हा लिझी म्हणते, तो जंटलमन आहे, मी जंटलमनची मुलगी आहे, तिथवर आम्ही बरोबरीचे. बाई लगेच विचारते, पण तुझी आई कोण? तुझे मामा-मावश्या कोण? मामा म्हणजे मिस्टर गार्डिनर, लंडनमध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटला, स्वतःच्या वखारी खिडकीतून दिसतील इतक्या जवळ राहणारा. मावशीचा नवरा गावातला वकील. बिंग्लीच्या बहिणी या 'चीपसाइडच्या', म्हणजे बाजारपेठेतल्या, मामावर खिदळतात आणि त्यांचा स्वतःचा पैसा आला कुठून? व्यापारातूनच! लेखिका तिथं अगदी गोड आवाजात सांगते, की आपण उत्तर इंग्लंडातल्या प्रतिष्ठित घरातल्या, हे त्यांच्या मनावर जास्त ठसलं होतं, पैसा धंद्यातला हे कमी.

आणि शेवटी डार्सीच्या इस्टेटीवर, पेंबर्लीला, सगळ्यात मानानं कोण येतं? हेच गार्डिनर मामा-मामी.

कडूकारलं

लिझीबाईंच्या नावानं एवढ्या आरत्या चालल्यात म्हणून विचारतो. डार्सीची मागणी हन्सफर्डला, कॉलिन्सच्या गावी, धुडकावली तेव्हा पेंबर्ली बघितलेली नव्हती. नंतर बघितली. डोंगर, ओढा, झाडी. मनात काय आलं? पेंबर्लीची मालकीण होणं म्हणजे काहीतरी असेल बुवा! पुढे जेन विचारते, प्रेम कधी बसलं, तर म्हणते त्याची ती सुंदर इस्टेट पहिल्यांदा बघितली तेव्हापासून. शार्लटनं एका पाद्र्याचं घर बघितलं तर हिशेबी, आणि हिनं दहा हजारांची इस्टेट बघितली तर प्रेम?

(दिवे घ्या. पण सगळे नका घेऊ, एकदोन ठेवा.)

तिखटजाळ

ती थट्टा आहे हो! जेन पुढच्याच वाक्यात तिला 'आता खरं सांग' म्हणते. पेंबर्लीत मन बदलतं ते झाडं बघून नव्हे, तिथल्या हाऊसकीपरचं ऐकून. त्याला चार वर्षांचा असल्यापासून ओळखणारी बाई म्हणते की यानं मला उभ्या जन्मात उलट शब्द बोललेला नाही. नोकर माणसाचं प्रमाणपत्र. झणझणीत, खालच्या माडीचा आवाज हवा होता ना, घ्या!

झणझणीत

पगारी साक्षीदार. ;)

डर्बीकर

अवांतर: पेंबर्ली म्हणजे चॅट्सवर्थ, असं इकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वाटतं. २००५ च्या सिनेमात बाहेरून तेच दाखवलंय आणि १९९५ च्या मालिकेत लाइम पार्क. पण पुस्तकात प्रवासाच्या वाटेवर चॅट्सवर्थचं नाव वेगळं येतं, तेव्हा पेंबर्ली ते नव्हे. माझी सासू आली तेव्हा तिला चॅट्सवर्थला नेलं होतं. एकेक दालन बघत शेवटी म्हणाली, "एवढं झाडायला किती माणसं लागत असतील?" हा प्रश्न लिझीला पडत नाही.

आणि बाळबोध, आता मिन्स पायमध्ये मनुका, बेदाणे, सफरचंद, मसाले. पूर्वी मांसही असायचं. अजूनही पाकीट वाचून घ्या, कधीकधी गाईची चरबी असते.

पोथीवाचक

मूळ प्रश्नाकडे येतो. शार्लटचं वय सत्तावीस का, हे कुणी विचारलं नाही. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तली सतरा वर्षांची मारिॲन ठणकावून सांगते की सत्तावीस वर्षांच्या बाईला प्रेमाची आशाच उरत नाही. आणि 'पर्स्वेजन'ची नायिका ॲन, तीही सत्तावीसच.

आता लेखिकेचं बघा. जन्म १६ डिसेंबर १७७५. २ डिसेंबर १८०२ ला, सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, मॅनिडाउन नावाच्या घरी मुक्कामाला असताना तिला हॅरिस बिग-विदरनं मागणी घातली. मैत्रिणींचा धाकटा भाऊ, मोठ्या इस्टेटीचा वारस. ती हो म्हणाली. रात्र गेली, आणि सकाळी नाही म्हणाली. बहिणीबरोबर लगोलग तिथून निघाली.

१८०५ च्या जानेवारीत वडील गेले. मग आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर, आज इथं उद्या तिथं. १८०९ मध्ये श्रीमंत घरी दत्तक गेलेल्या भावानं, एडवर्डनं, चॉटन गावात घर दिलं तेव्हा कुठं बूड टेकलं. या कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७ चा, पण छापून आली जानेवारी १८१३ मध्ये, चॉटनला आल्यावर. हक्क विकले ११० पौंडांना. तिला १५० हवे होते, तसं पत्रात लिहिलंय.

भाचीला लिहिलेल्या पत्रांत ती दोन्ही बाजूंनी बोलते. एकात म्हणते, प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं. दुसऱ्यात म्हणते, एकट्या बायकांना गरीब व्हायची भारी खोड असते. म्हणजे लिझीही तीच आणि शार्लटही तीच. मॅनिडाउनच्या त्या रात्रीपुरती शार्लट.

सदाफुली

बापरे. ही रात्र माहीत नव्हती. अंगावर काटा आला.

हिशेबनीस

११० पौंड! आणि डार्सीनं विकहॅमला लिझीच्या धाकट्या बहिणीशी, लिडियाशी, लग्न करायला लावण्यासाठी काय मोजले? १,००० हून बरंच जास्त त्याचं कर्ज, आणखी १,००० लिडियाच्या नावावर, शिवाय सैन्यातली नेमणूक विकत घेऊन दिली ती वेगळी. त्याआधीही विकहॅमनं १,००० वारसा आणि ३,००० रोख उडवलेले. एका नालायक जावयाच्या तुलनेत लेखिकेला काय मिळालं ते बघा.

माळकरीण

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

माझ्या आत्याचं लग्न तिच्या एकतिसाव्या वर्षी झालं. घोडनवरी हा शब्द तिनं घरातच ऐकला. आतोबा सज्जन, पण अखंड बोलणारे. बँकेतल्या साहेबानं कुणाला काय म्हटलं हे रोज तेच, दोनदोनदा. आम्ही पोरं सुट्टीत जायचो तेव्हा ते दिवसभर गच्चीवर असायचे, गुलाबांपाशी. पंचेचाळीस कुंड्या! कलमं, खतं, फवारे. आत्या खालून ओरडून चहा विचारायची आणि वरच नेऊन द्यायची. मला वाटायचं, किती छंदिष्ट माणूस.

पुढे पुस्तकात हन्सफर्डचा भाग वाचला. कॉलिन्सला बागकामाचा नाद, आणि शार्लट गंभीर चेहऱ्यानं सांगते की हा व्यायाम प्रकृतीला फार चांगला, मी त्यांना होता होईल तो उत्तेजन देते. पुस्तक मिटून आत्याला फोन केला. विचारलं, गुलाबांचं पहिलं रोप कुणी आणलं होतं? ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिनं आतोबांचं सगळं नीट केलं. ते गेले तेव्हा खरंच रडली. कुंड्या अजून आहेत, आता पाणी ती घालते.

तिखटजाळ

माळकरीण, काय लिहिलंत! मी माझी तलवार अर्धी म्यान करते. अर्धीच हं.

पोथीवाचक

त्याच भागातली खोली आठवा. पुढच्या बाजूची मोठी, उजेडाची खोली सोडून शार्लट मागच्या अंगाच्या खोलीत बसते. लिझीला आधी कळत नाही, असं का? मग लक्षात येतं. पुढच्या खोलीतून रस्ता दिसतो, लेडी कॅथरीनच्या घरच्या बग्ग्या दिसतात. कॉलिन्स आपल्या खोलीतून त्या मोजत बसतो आणि वर्दी द्यायला धावतो. शार्लटही पुढेच बसली असती तर तो सारखा तिच्यापाशीच आला असता. आणि तो काही लाजिरवाणं बोलला की शार्लटला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही.

शेवटी कॉलिन्सच्या पत्रात बाळाची चाहूलही आहे. म्हणजे लाँगबर्न पुढे शार्लटच्या मुलाला. शार्लटच्या आईचा, लुकसबाईंचा, हिशेब जमला.

कडूकारलं

मुलगा झाला तर. पाच मुली झाल्या तर पुन्हा पान एकपासून.

सांजवात

काल रात्री ती मागची खोली पुन्हा वाचली. एकोणिसाव्या वर्षी गाळलेला भाग हाच. त्यामुळे लिझीला ते कोडं सुटतं, हे मला आत्ता कळलं. तिनं निदान तिथं जाऊन बघितलं, मी पानच उलटलं होतं.

तिखटजाळ, तुझा जीभ चावण्याचा मुद्दा मात्र मला अजून सुटत नाही. मागच्या खोलीतही जेवायच्या वेळी बाहेर यावंच लागतं.

आणि कबुली द्यायची तर, शार्लट 'हो' म्हणते त्या पानाच्या समासात मी तेव्हा पेन्सिलीनं मोठ्ठं 'शी!' लिहिलेलं आहे. दोन उद्गारचिन्हं. खोडरबर घेऊन बसले होते, पण खोडवेना.

कडूकारलं

समासात? खाकी कव्हर म्हणालात… पुस्तक ग्रंथालयाचं नव्हतं ना?

सांजवात

होतं. कॉलेजचं. सव्वीस वर्षं झाली.

हिशेबनीस

दिवसाला किती पैसे दंड होता, आठवतंय का?